कपाटातली पालेभाजी: बी पेरण्याआधी हवा आणि दिव्यांची तयारी

कपाटाच्या एका खणात लेट्यूस, बेसिल, मेथी किंवा मायक्रोग्रीन्स (कोवळी असतानाच कापून खायची रोपं) वाढवायची असतील तर आधी हवेची सोय करा, मग दिवे लावा आणि बियाणं अगदी शेवटी आणा. सहसा याच्या उलट होतं. दिवे आणले जातात, ट्रे भरले जातात आणि आठवड्याभरात कपाट तापून रोपं मान टाकतात. दिव्यांना दिलेली वीज जवळपास सगळी शेवटी उष्णता होऊन त्याच खणात राहते. ट्रेमध्ये ओतलेलं पाणीही बरंचसं पानांवाटे आणि कोकोपीटमधून (मातीऐवजी वापरायचा नारळाच्या काथ्याचा भुसा) वाफ होऊन तिथेच येतं. ही उष्णता आणि ही वाफ बाहेर जायला वाट हवी.

इथले आकडे ७५ सेंमी रुंद, ५० सेंमी खोल आणि १ मीटर उंच खण धरून दिले आहेत. पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं कपाट शक्यतो नको, कारण ती भिंत दुपारभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत ती ऊब आत सोडत राहते. कपाट कशाचं आहे तेही बघा. पार्टिकल बोर्डच्या कडा ओलाव्याने फुगतात आणि बिजागऱ्या सुटतात. प्लायवर आयएस ३०३ बीडब्ल्यूआर किंवा आयएस ७१० असा, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय असल्याचा शिक्का असेल तर निर्धास्त राहा. नसेल तर तळाला आणि मागच्या बाजूला जाड प्लास्टिकचा कागद अंथरून कडा ८ ते १० सेंमी वर वळवा, म्हणजे सांडलेलं पाणी लाकडापर्यंत पोचणार नाही. लोखंडी कपाट चालतं, पण त्याला अर्थिंगची तार जोडायलाच हवी, आणि भोक पाडलेल्या कडांना प्रायमर लावायला हवा. घर भाड्याचं असेल तर कापाकापीच्या भानगडीत न पडता कपाटाची मागची पातळ पट्टी काढून ठेवा, कपाट भिंतीपासून १० सेंमी पुढे ओढा आणि पंखे तिथे बसवा.

आतून मॅट पांढरा रंग द्या. तो प्रकाश चांगला परतवतो आणि सगळीकडे सारखा पसरवतो. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल चुरगळते, प्रकाशाचे चट्टे पाडते आणि वीज वाहून नेते. थर्माकोल पांढरा आणि स्वस्त असला तरी तो सहज पेट घेतो, त्यामुळे दिवे आणि वायरींच्या जवळ त्याला जागा नाही.

आता पंखा किती मोठा हवा ते काढू. दिव्यांचे एकूण वॅट गुणिले ३, भागिले खोलीपेक्षा जितके अंश जास्त चालतील ते. उत्तर येतं ताशी घनमीटरमध्ये. दिवे ७० वॅटचे आणि खोलीपेक्षा ३ अंश जास्त चालणार असतील तर ताशी ७० घनमीटर हवा बाहेर जायला हवी, म्हणजे साधारण ४१ सीएफएम (मिनिटाला घनफूट). संगणकातला १२० मिमीचा पंखा खोक्यावर ५० सीएफएम सांगतो, पण तो आकडा समोर काहीच आडवं नसतानाचा असतो. जाळी, वळण आणि अरुंद भोक यांमागे निम्मं मिळालं तरी पुष्कळ. म्हणून असे दोन पंखे घ्या. १२ व्होल्टवर दोन्ही मिळून अर्ध्या ॲम्पिअरच्या आसपास घेतात, त्यामुळे १२ व्होल्ट १ ॲम्पिअरचा ॲडॅप्टर पुरतो. पंख्यावरचा ॲम्पिअरचा आकडा मात्र विकत घेताना वाचून घ्या. बाथरूमचा ६ इंची एक्झॉस्ट बसवायचा मोह टाळा. एवढ्याशा खणात तो ट्रे सुकवून टाकतो आणि रात्री झोपूही देत नाही.

दोन्ही पंखे वरच्या भागात, हवा बाहेर ओढतील असे बसवा. पंख्याच्या चौकटीवरचा बाण हवेची दिशा दाखवतो. बसवताना स्क्रूखाली रबराचे वॉशर द्या, नाहीतर प्लाय घुमतो. हवा आत येण्याची वाट खाली, शक्यतो विरुद्ध बाजूला ठेवा, आणि ती पंख्यांच्या दोन भोकांच्या बेरजेपेक्षा दीडपट तरी मोठी असू द्या. दोन पंख्यांची भोकं मिळून जेमतेम २२५ चौरस सेंमी होतात, म्हणजे खाली ३५ सेंमी लांब आणि १० सेंमी रुंद पट्टी कापली की काम झालं. तिच्यावर मच्छरदाणीची जाळी लावा आणि महिन्यातून एकदा ब्रशने झाडा. धूळ साचली की हवा निम्म्यावर येते, तरीही पंखा फिरतच असतो म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. बाहेर काढलेली हवा वरच्या माळ्यात कोंडली तर काहीच साधत नाही. ती खोलीत यावी आणि खोलीची खिडकी उघडी असावी.

याशिवाय आत एक छोटा, ८० मिमीचा यूएसबी पंखा हवा. तो पानांवर थेट मारा करणारा नको, पानं नुसती हलतील इतपत पुरे. लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी पडल्या की लोक कॅल्शियमचं खत घालतात आणि काहीच फरक पडत नाही. कॅल्शियम पाण्याबरोबर पानात चढतं आणि पाणी चढतं ते पानातून बाष्प बाहेर पडतं म्हणून. गड्ड्याच्या मधोमध हवा साचली की ते बाष्प बाहेर पडत नाही आणि मुळाशी कॅल्शियम असूनही कोवळ्या पानाला मिळत नाही. तिथपर्यंत वारा पोचवणं हाच त्यावरचा उपाय.

दिव्यांसाठी गुलाबी-जांभळे पॅनेल शोधत बसू नका. पालेभाजीला साधे पांढरे एलईडी बॅटन पुरतात. त्या गुलाबी उजेडात पानावरची पिवळी झाक किंवा मावा कीड दिसतही नाही. लेट्यूस आणि बेसिलला ट्रेच्या पातळीवर सुमारे १४,००० लक्स, रोज १६ तास, एवढं धरून चला. मायक्रोग्रीन्सना त्याच्या निम्म्यात भागतं. लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन (उजेडाचं माप). खणाचं क्षेत्रफळ ०.३७५ चौरस मीटर, त्यामुळे हिशेब ५,२५० ल्युमेनचा होतो. बाजूला सांडणारा उजेड धरला की ७,०००. दोन फुटी १० वॅटचा बॅटन साधारण १,००० ल्युमेन देतो. असे सात बॅटन ७ सेंमी अंतराने एका हलक्या फळीवर किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर बसवा. उजेडाची छटा ४,००० किंवा ६,५०० केल्विन, दोन्ही चालतात. पंखे मोजताना धरलेले ७० वॅट ते हेच.

ही चौकट दोन साखळ्या आणि एस हुकांवर टांगा, म्हणजे झाडं वाढतील तशी वर घेता येईल. शेंड्यापासून १५ ते २० सेंमी अंतर ठेवा. रोपं उंच, बारीक आणि फिकी होऊन लवंडत असतील तर उजेड कमी आहे. वरच्या पानांच्या कडा वर वळून रंग उडत असेल तर दिवे फार जवळ आहेत. लक्स मोजायला मोबाइलचं ॲप चालतं, फोन ट्रेवर पालथा न ठेवता सेन्सर वर करून ठेवा. तो आकडा अंदाजाचा असला तरी चारही कोपरे आणि मध्य यांतला फरक त्यावरून कळतो. कोपरे मध्यापेक्षा फार फिके निघाले तर कडेचे दोन बॅटन आणखी बाहेर सरकवा.

विजेच्या कामात काटकसर नको. घराच्या बोर्डात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते आधी पाहा, नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. मल्टिप्लग कपाटाबाहेर आणि ट्रेपेक्षा वर ठेवा. प्रत्येक वायर सॉकेटपर्यंत पोचण्याआधी खाली लोंबून मग वर जाऊ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकेल. साधे बॅटन कोरड्या खोलीसाठी असतात. स्प्रेने पाणी मारणार असाल तर आयपी ६५ चे, म्हणजे पाण्याच्या फवाऱ्याला टिकणारे घ्या. त्याहून बरं म्हणजे स्प्रे सोडून ट्रेच्या खालून पाणी द्या.

टायमर डिजिटल आणि आत बॅटरी असलेला घ्या. खुंट्यांचा चकतीवाला टायमर वीज गेली की थांबतो आणि प्रत्येक भारनियमनानंतर तेवढाच मागे पडतो. महिन्याभरात दिवस-रात्रीची पार उलटापालट झालेली असते. दिवे संध्याकाळी ६ ते सकाळी १० असे ठेवा. खोली रात्री थंड असते तेव्हाच दिव्यांची उष्णता पडते आणि दुपारच्या उकाड्यात कपाट शांत राहतं. पालकाला मात्र १६ तास देऊ नका, लांब दिवस मिळाला की तो तुऱ्यावर येतो. त्याला १० ते ११ तास पुरे. बाहेर काढणारे पंखे टायमरवर लावूच नका, ते चोवीस तास चालू द्या. दिवे मालवल्यावर आतली हवा गार होते, तीच वाफ तेव्हा पानांवर दव होऊन बसते, आणि केवडा, मर या बुरशीच्या रोगांना तेच हवं असतं. खर्च विचाराल तर दिव्यांचे महिन्याला सुमारे ३४ युनिट होतात. बिल आधीच १०० किंवा ३०० युनिटांच्या काठावर असेल तर हे वरचे युनिट पुढच्या स्लॅबच्या दराने पडतील.

पंखा खोलीतलीच हवा आत घेतो, त्यामुळे कपाट खोलीपेक्षा थंड कधीच होणार नाही. नागपुरात मे महिन्यात खोली ३६ अंशांवर असेल तर कपाट ३९ वर जाणार. लेट्यूसचं बी ३० च्या वर नीट उगवतही नाही. विदर्भात लेट्यूस नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच घ्यावा. मुंबई-कोकणात जुलैमध्ये अडचण दुसरी असते. बाहेरचीच हवा ८५-९० टक्के दमट असते, मग पंखे दुप्पट केले तरी आत कोरडेपणा येत नाही. त्या दिवसांत बी नेहमीच्या निम्म्या दाटीने पेरा, कोकोपीटचा वरचा थर कोरडा पडू द्या आणि आतला छोटा पंखा बंद करू नका.

सगळं जोडून झालं की रिकामं कपाट पूर्ण २४ तास चालवा. तापमान आणि आर्द्रता दाखवणारा मीटर ट्रेच्या उंचीवर, पुठ्ठ्याच्या सावलीत ठेवा. थेट दिव्याखाली तो ३-४ अंश जास्त सांगतो. दिवे लागल्यानंतर तिसऱ्या तासाला, मालवण्याच्या थोडं आधी आणि मालवल्यावर दोन तासांनी, अशा तीन नोंदी घ्या. २२ ते २८ अंश आणि ५० ते ७० टक्के हे लक्ष्य. खोलीपेक्षा फरक ४ अंशांच्या वर गेला तर आधी खालची पट्टी रुंद करा, तरी भागलं नाही तर एक बॅटन काढा, आणि तिसरा पंखा मग घ्या. त्याच वेळी प्लग, ॲडॅप्टर आणि जोड हाताच्या पाठीने चाचपा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर तो जोड बदला. रिकाम्या खणाचे आकडे जमले की मेथी किंवा मोहरीच्या मायक्रोग्रीन्सचा एकच ट्रे लावा. पाण्याची वाफ धरून आर्द्रता किती चढते ते आठवडाभर बघा आणि ती ७० च्या आत राहिली तरच दुसरा ट्रे आत ठेवा.