नवी शेळी लगेच कळपात सोडू नका

माझ्या दावणीला सगळ्या संगमनेरी जातीच्या शेळ्या. नवी आली की तिला तीन आठवडे वेगळी बांधते, बाकीच्यांचा आवाज कानावर पडेल इतकी लांब. एकटी पडली की ओरडत राहते आणि दूध आटतं. भांडी वेगळी, धार सगळ्यांत शेवटी. पहिल्या दोन-चार धारा काळ्या फडक्यावर घ्या. गुठळ्या दिसल्या तर कासदाह, म्हणजे कासेची सूज, समजा. याच काळात लेंड्या तपासून जंताचं औषध, आणि पीपीआर (शेळ्यांचा प्लेग), आंत्रविषार (आतड्यातल्या विषाचा रोग) यांच्या लसी डॉक्टरांना विचारून.

विकणाऱ्याकडून तिचा नेहमीचा चारा थोडा मागून आणा. खुराक आठवडाभरात हळूहळू बदला, एकदम मका घातला की पोट फुगतं. आमच्या दिंडोरीकडे ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाचा पाला फुकट मिळतो, पण फवारणी झालेला घालूच नका. सुबाभूळ, शेवरी बरी.

सोडायचं ते मोकळ्या पटांगणात, गोठ्यात नाही. टकरा होणारच, मध्ये पडू नका; रक्त निघालं किंवा गाभण शेळीला धडक बसायला लागली तरच वेगळ्या करा. गव्हाणी दोन हव्यात, एकमेकींपासून लांब. थोरली एक अडवून बसते, आमची तर बसतेच.