रेटिनातल्या कोलेस्टेरॉलवर काम करायचंय? आधी नळीतली हवा सांभाळा

बायोकेमिस्ट्री किंवा झूलॉजीत एम.एस्सी. झालीय, नेट निघालीय किंवा निघण्याच्या बेतात आहे, आणि डोळ्यावर संशोधन करायची ओढ आहे, अशा नांदेड, परभणी, लातूर, बीडकडच्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. फेलोशिपचे अर्ज, प्राण्यांवरच्या प्रयोगांची मंजुरी, गाइड मिळवणं हे तुम्हाला माहीत आहे असं धरते. मी परभणी जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कॉलेजातून आले आणि पीएचडी रेटिनातल्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्यातल्या, कोलेस्टेरॉलवर केली. त्या वर्षांचा ताण अजून अंगातून गेलेला नाही. त्यामुळे मधूनच सूर कडक लागेल.

मुलाखतीत बहुतेक मुलं एलडीएल, एचडीएल (रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण) आणि ब्राउन-गोल्डस्टीन यांचं कोलेस्टेरॉलवरचं १९८५ चं नोबेल सांगायला लागतात. ते चूक नाही, पण आपला विषय तिथून पुढे सुरू होतो. रेटिना आपलं बरंचसं कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतो, उरलेलं रक्तातून आरपीईच्या (रेटिनामागच्या काळ्या पेशींच्या) थरामार्गे आत येतं. जास्तीचं बाहेर काढायला सीवायपी२७ए१ आणि सीवायपी४६ए१ अशी एन्झाइम असतात. ती कोलेस्टेरॉलला हायड्रॉक्सिल गट जोडतात, मग ते पेशीतून सहज निघतं. मेंदूत हेच काम मुख्यतः सीवायपी४६ए१ करतं. वय वाढतं तसे आरपीईखालच्या ब्रुक पटलात कोलेस्टेरॉलचे एस्टर (मेदाम्ल जोडलेलं कोलेस्टेरॉल) साचत जातात, आणि एएमडीत, म्हणजे वयामुळे मॅक्युला (रेटिनाचा मधला भाग) बिघडण्याच्या आजारात, दिसणाऱ्या ड्रुसेन नावाच्या साठ्यांमध्येही कोलेस्टेरॉल सापडतं.

एवढं वाचून 'रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढलं की मॅक्युला बिघडतो' असं समीकरण कुणापुढे मांडू नका. एपीओई या जनुकाचा ई४ प्रकार अल्झायमरचा धोका वाढवतो, पण एएमडीत तोच प्रकार असलेल्यांना धोका कमी दिसतो. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांनी एएमडी थांबते असा ठोस पुरावा अजून नाही. हा गुंता आवडत असेल तरच या विषयात या. सरळसोट उत्तर हवं असेल तर इथे फार घुसमट होते.

आता ज्याने माझी झोप उडवली होती त्या गोष्टीवर येते. ही सावकाश वाचा.

रेटिनातून कोलेस्टेरॉल काढायचं म्हणजे क्लोरोफॉर्म-मिथेनॉल, मग एस्टर फोडायला अल्कली, मग सिलायलेशन (रेणू वाफेत जावेत म्हणून त्यांना सिलिकॉनचा गट जोडणं) करून जीसी-एमएस, म्हणजे रेणू वेगळे करून त्यांच्या वजनावरून ओळखणारं यंत्र. पद्धत जुनीच आहे. खरा घोळ ऑक्सिस्टेरॉल, म्हणजे ऑक्सिजन जोडलेलं कोलेस्टेरॉल, मोजताना होतो. कोलेस्टेरॉल हवेत आपोआप ऑक्सिडाइझ होतं. करडईचं तेल उघडं राहिलं की खवट होतं, तीच रसायनाची वाट. त्यातून ७-कीटोकोलेस्टेरॉल आणि ७-बीटा-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल तयार होतात, आणि गंमत नाही, नेमके हेच रेणू रेटिनाच्या आजारात 'विषारी ऑक्सिस्टेरॉल' म्हणून शोधले जातात. म्हणजे तुम्ही जे शोधताय तेच तुमची नळी बनवतेय.

आकडे मांडून बघा. समजा एखाद्या ऑक्सिस्टेरॉलच्या हजारपट कोलेस्टेरॉल नमुन्यात आहे. त्यातलं फक्त ०.१ टक्का हवेने ऑक्सिडाइझ झालं, तरी मूळ ऑक्सिस्टेरॉलइतकंच खोटं ऑक्सिस्टेरॉल तयार झालं. आकडा दुप्पट. ०.१ टक्का म्हणजे किती? झाकण सैल राहिलेली नळी, खिडकीजवळचा उजेड, एप्रिलच्या दुपारी बंद पडलेला एसी. त्यात रेटिनातल्या प्रकाशपेशींच्या बाह्यखंडांत डीएचए हे मेदाम्ल ठासून भरलेलं असतं. ते स्वतः लवकर पेरॉक्साइड बनवतं आणि कोलेस्टेरॉललाही ओढतं. नमुन्यात रक्त राहिलं तर त्यातलं लोह आणखी घाई करतं.

आमच्याकडे म्हाताऱ्या उंदरांच्या रेटिनात ७-कीटोकोलेस्टेरॉल ठळक वाढलेलं दिसलं. सगळ्यांना आनंद झाला, कारण गोष्ट जुळत होती: वय वाढलं, ऑक्सिडेशन वाढलं, रेटिना बिघडला. पण म्हाताऱ्या उंदरांचे नमुने आधी गोळा झाले होते आणि तरुणांचे बऱ्याच नंतर. मधल्या काळात फ्रीझरला लोडशेडिंगचे झटके बसले होते. म्हणजे आम्ही उंदरांचं वय मोजत होतो की नळ्यांचं, हे त्या आकड्यांवरून सांगताच येत नव्हतं. सगळं पुन्हा करावं लागलं. घरी 'झालं का पीएचडीचं?' विचारत होते आणि मी पुन्हा पहिल्या नळीवर होते.

याला उपाय आहे, आणि तो पहिल्या दिवसापासून हवा. ज्या कोलेस्टेरॉलच्या रेणूत हायड्रोजनच्या सात जागी ड्युटेरियम आहे ते विकत मिळतं. ऊतक चिरडण्याआधीच ते मोजून घाला. शेवटी मास स्पेक्ट्रोमीटरवर ७-कीटोकोलेस्टेरॉल सात एककं जड असलेल्या रूपात दिसलं, तर ते उंदराने केलेलं नाही, तुमच्या बाकावर झालेलं आहे. उंदराकडे ते ड्युटेरियम कधी गेलंच नव्हतं. सोबत द्रावकात बीएचटी (ऑक्सिडेशन रोखणारं रसायन), नळीत आर्गॉन किंवा नायट्रोजन, मंद उजेड, आणि एस्टर फोडताना तापवणं नाही, ते खोलीच्या तापमानालाच. म्हातारे आणि तरुण नमुने एकाच बॅचमध्ये, आलटूनपालटून चालवा. २४एस-हायड्रॉक्सी आणि २७-हायड्रॉक्सी कोलेस्टेरॉल हे मुख्यतः एन्झाइमने होतात, त्यांच्यावर विश्वास जरा जास्त ठेवता येतो. २५-हायड्रॉक्सी एन्झाइमने आणि हवेने, दोन्हीकडून होतं, त्याच्या बाबतीत सावध.

रंग बघून मोजायच्या किटबद्दल माझं मत ठाम आहे: रेटिनासाठी घेऊ नका. त्यातलं कोलेस्टेरॉल ऑक्सिडेज हे एन्झाइम डेस्मोस्टेरॉलसारख्या इतर स्टेरॉलवरही चालतं. एका संध्याकाळी आकडा मिळतो, हाच त्या किटचा मोह आहे. आपल्याकडे लातूर पॅटर्नने आम्हा पोरांना तासन्‌तास बसायला शिकवलं, त्याचे मी उपकार मानते. पण चार पर्यायांतलं एक उत्तर पटकन निवडायची सवयही तिथूनच लागते. संशोधनात ती मोडायला मला फार जड गेलं.

उंदरांचंही एक ध्यानात ठेवा. उंदराला मॅक्युला नसतो आणि त्याच्या रक्तात कोलेस्टेरॉल मुख्यतः एचडीएलमध्ये फिरतं, माणसासारखं एलडीएलमध्ये नाही. सी५७बीएल/६एन या वाणात सीआरबी१ जनुकात आरडी८ नावाचं म्युटेशन असतं, त्याने रेटिनावर डाग पडतात. उंदीर कुठूनही आलेले असोत, पीसीआर करून हे म्युटेशन आहे का ते बघितल्याशिवाय एकही डोळा काढू नका.

गाइड निवडताना नाव बघू नका. मोठ्या नावाच्या प्रयोगशाळेत वर्षभर सरांची गाठही न पडलेली मुलं मी पाहिलीत. पहिल्या भेटीत त्यांना विचारा, 'सर, कच्चा क्रोमॅटोग्राम (यंत्रातून निघालेला मूळ आलेख) तुम्ही स्वतः बघता का?' जे रागावतील त्यांच्याकडे जाऊ नका. जे तिथल्या तिथे लॅपटॉप उघडून दाखवतील त्यांच्याकडे, पैसा कमी असला तरी, जा. नांदेडहून हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ आहे. तिथे एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था आहे, सीसीएमबी ही पेशी आणि रेणूंवर संशोधन करणारी संस्था आहे. नेटमधून मिळणाऱ्या जेआरएफ फेलोशिपला २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. ते हुकलं तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएचडी फेलोशिप बघा. इंग्रजी अडखळतं म्हणून कुणी थांबू नका. माझं तर अजूनही सेमिनारच्या पहिल्या दोन मिनिटांत अडखळतं, पण पुढच्या प्रश्नोत्तरांत कुणाला ते आठवत नाही.

हात मात्र आत्तापासून बसवा. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. गावातल्या खाटिकाकडून सकाळी बकऱ्याचे ताजे डोळे मागून घ्या, कॉलेजच्या प्रयोगशाळेत सरांना किंवा मॅडमना विचारून, बर्फावर ठेवून कापा. पारदर्शक पटलाच्या कडेने गोल कापून पुढचा भाग काढा, काचद्रव हलकेच ओतून द्या. रेटिना मागे फक्त दृष्टिचेतेच्या जागी घट्ट धरलेला असतो. तिथे कात्री लावली की अख्खा सुटून येतो. खाली निळसर-हिरवा चमकणारा भाग दिसेल, तो टॅपेटम, म्हणजे प्रकाश परतवणारा थर. माणसाला आणि उंदराला तो नसतो, त्यामुळे घाबरू नका. आरपीईचा काळा थर रेटिनाला चिकटून येतो का ते दरवेळी वहीत लिहा. तो आला तर तुमचं पुढचं सगळं मोजमाप दोन ऊतकांचं मिश्रण होतं.

अशी वही भरली की मग मेल करा. मेलमध्ये 'मला डोळ्यात रस आहे' असं नको. किती डोळे कापले, किती वेळा आरपीई चिकटून आली, ती सोडवायला काय करून पाहिलं, एवढंच लिहा आणि वहीच्या दोन पानांचे फोटो जोडा.