तळ्यातलं शेवाळ आणि बार्लीचं काड: या चुका टाळा

बार्लीचं काड टाकूनही पाणी हिरवंच राहिलं, अशी तक्रार कुणी केली की पहिला प्रश्न विचारायचा: काड टाकलं कधी? बहुतेकांचं उत्तर असतं, पाणी हिरवं झाल्यावर. चूक तिथेच होते. काड वाढलेलं शेवाळ मारत नाही, ते नव्या शेवाळाची वाढ रोखतं. तेही लगेच नाही, कुजायला लागल्यावर. बुरशी आणि जिवाणू काड कुजवतात, तेव्हा त्यातल्या लिग्निन या टणक घटकापासून फिनॉलसारखी संयुगं सुटतात. त्यांच्यावर ऊन आणि प्राणवायूची क्रिया होऊन वाढ रोखणारे पदार्थ तयार होतात, असं मानलं जातं. पाणी १० अंश सेल्सिअसपेक्षा थंड असेल तर या सगळ्याला सहा ते आठ आठवडे लागतात. २० अंशांच्या वर असेल तर एक-दोन आठवडे पुरतात. म्हणून शेवाळाचा हंगाम सुरू व्हायच्या आधीच काड पाण्यात हवं. परिणाम साधारण सहा महिने टिकतो. त्यानंतर जुनं काड काढून टाका, पण त्याआधी महिनाभर नवं पाण्यात घाला, म्हणजे मध्ये खंड पडत नाही.

गठ्ठा तसाच ढकलू नका

घट्ट बांधलेल्या गठ्ठ्याच्या आत हवा शिरत नाही. तिथे काड प्राणवायूविना सडतं, दुर्गंधी येते आणि उपयोग शून्य. काड मोकळं करून जाळीच्या पिशवीत सैलसर भरा. पिशवीत झाकण लावलेल्या दोन-तीन रिकाम्या बाटल्या टाका, म्हणजे भिजून जड झाल्यावरही ती पृष्ठभागाजवळ तरंगत राहील. तळाशी गेलेली पिशवी वाया गेलीच म्हणून समजा. एका मोठ्या पिशवीपेक्षा चार लहान पिशव्या तळ्यात विखरून दोरीने बांधलेल्या बऱ्या. पाणी आत येण्याची जागा असेल तर एक तिथे ठेवा.

प्रमाण काढताना लोक तळ्याची खोली मोजत बसतात. हिशेब पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर करायचा: दर चौरस मीटरला २५ ते ५० ग्रॅम. २०० चौरस मीटरच्या तळ्याला ५ ते १० किलो काड झालं. पाणी गढूळ असेल तर चौरस मीटरला १०० ग्रॅमपर्यंत जाता येतं. जास्त टाकलं की जास्त गुण येईल, हा समज मात्र माशांच्या जिवावर बेततो. कुजण्याच्या क्रियेत प्राणवायू खर्च होतो. त्यात गरम पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर आधी काड बाहेर काढा आणि पाण्यात हवा सोडा. बाकीचा विचार नंतर.

हिरवा पाला, ताजं गवत किंवा उपटलेलं तण काडाऐवजी चालत नाही. ते झपाट्याने कुजतं आणि त्यातला नायट्रोजन व फॉस्फरस शेवाळाचंच खाद्य होतो. भाताच्या पेंढ्याच्या अर्काने मायक्रोसिस्टिस या सायनोबॅक्टेरियाची (निळ्या-हिरव्या शेवाळाची) वाढ रोखल्याचे प्रयोगशाळेतले निष्कर्ष आहेत, पण तळ्यांमधला अनुभव बार्लीचाच जास्त आहे. शेवग्याच्या बियांची गोष्ट वेगळी: त्या पाण्यातला गाळ व कण एकत्र करून खाली बसवतात.

विष कुठे जातं?

सगळ्यात गंभीर चूक म्हणजे कोणतं शेवाळ आहे ते न पाहता उपाय करणं. हातमोजे घालून बरणीत पाणी घ्या आणि रात्रभर न हलवता ठेवा. हिरवा थर वर तरंगला तर सायनोबॅक्टेरियाचा संशय धरा; नक्की उत्तर मात्र प्रयोगशाळाच देते. यातल्या अनेक जाती विष बनवतात, आणि पेशी फुटली की ते पाण्यात उतरतं. ऑस्ट्रेलियातल्या पाम आयलंडवर १९७९ मध्ये धरणातल्या शेवाळावर कॉपर सल्फेट मारल्यानंतर १४८ जण आजारी पडले, त्यात बहुतेक मुलं होती. काडाने असं एकदम होत नाही, पण पाण्यात आधीच असलेलं विष काड काढून टाकत नाही. मायक्रोसिस्टिन हे त्यातलं एक विष उकळूनही जात नाही. संशय असेपर्यंत ते पाणी माणसांना, जनावरांना किंवा कुत्र्यांना पाजू नका आणि त्यात पोहू देऊ नका.

सगळं नीट करूनही फरक पडला नाही, तर जात तपासा. काही शेवाळांवर काडाचा परिणामच होत नाही, शिवाय तळ्यातल्या चाचण्यांचे निकालही सगळीकडे सारखे आलेले नाहीत. अशा वेळी काड वाढवू नका. खत, शेण, सांडपाणी किंवा माशांचं उरलेलं खाद्य कुठून पाण्यात येतंय ते शोधा आणि ती वाट बंद करा.