ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात जुना ऑफिस-संगणक : हवा, धूळ आणि हार्ड डिस्क

डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क किंवा लेनोव्हो थिंकसेंटर या वर्गातले, कार्यालयांतून निघालेले संगणक स्वस्त आणि दणकट असल्यामुळे मुलांच्या अभ्यासासाठी आणि घरच्या हिशेबासाठी चांगले पडतात. मात्र त्यांचे पहिले आयुष्य बहुधा वातानुकूलित खोलीत गेलेले असते, आणि पुढचे आयुष्य ग्वाल्हेरच्या लष्कर या जुन्या वस्तीतल्या एखाद्या वाड्याच्या माडीवर, मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना जायचे असते. संगणकातला पंखा हवा थंड करत नाही. तो खोलीतली हवा आत ओढून उष्णता बाहेर टाकतो. त्यामुळे खोलीच ४० अंशांवर असेल, तर आतला कोणताही भाग त्याखाली उतरणार नाही. चालू हार्ड डिस्क खोलीपेक्षा दहा-पंधरा अंशांनी अधिक तापलेली असणे नेहमीचे आहे, आणि बहुतेक डिस्कची कमाल मर्यादा ६० अंश असते. म्हणजे उन्हाळ्यात हाताशी फारशी सवलत उरत नाही, आणि जी उरते ती धूळ खाऊन टाकते.

म्हणून मोठी सफाई गुढीपाडव्याच्या सुमारास, लू म्हणजे उन्हाळी गरम वारे सुरू होण्याआधी करून घ्यावी; मात्र संगणक उघडण्यापूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढलेली असावी. वायर भिंतीतून काढून पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, आणि आतल्या भागांना हात लावण्याआधी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. या पेट्यांत समोरच्या जाळीतून आलेली हवा बहुधा प्लास्टिकच्या आवरणातून थेट प्रोसेसरवर नेलेली असते. ते आवरण काढल्याशिवाय खरी धूळ दिसतच नाही, कारण ती पंख्याच्या पात्यांवर थोडी आणि पंखा व हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता शोषून घेणारा, फटी-फटींचा धातूचा ठोकळा) यांच्या मधल्या फटीत जास्त साचते. तिथे करड्या धुळीचा सलग पापुद्रा जमून पात्यांमागच्या फटी पूर्ण बुजलेल्या आढळतात. तो मऊ ब्रशने सैल करून ब्लोअरने उडवावा, पंखा मात्र बोटाने धरून ठेवावा, नाहीतर जोराच्या झोताने तो भलत्या वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. हे काम गच्चीवर, नाकातोंडाला रुमाल बांधून केलेले बरे.

हीटसिंक काढला, तर प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारी जुनी वाळलेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मटारच्या दाण्याएवढी नवी लावावी. पंखा बदलायचा असल्यास जुन्याचा कनेक्टर नीट पाहून घ्यावा. काही ऑप्टिप्लेक्समध्ये तो बाजारातल्या साध्या पंख्याशी जुळत नाही, आणि मग संगणक सुरू होताना दरवेळी पंख्याची तक्रार करत थांबतो.

गरम होतो म्हणून बाजूचे झाकण काढून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. तिने हवेचा ठरलेला मार्ग मोडतो, डिस्कवरून जाणारा झोत कमी होतो आणि आंधीची धूळ सरळ आत शिरते. झाकण लावून पेटी जमिनीपासून वर, भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवणे जास्त उपयोगाचे. कोरड्या मे महिन्यात कूलर खोली चांगली गार करतो. पण संगणक त्याच्या झोतात, पाण्याचे तुषार येतील असा ठेवू नये, आणि पावसाळा लागल्यावर त्याच्याकडून फार अपेक्षाही ठेवू नये.

डिस्कची प्रकृती क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये दिसते. तापमान ४५ अंशांच्या आत असल्यास निश्चिंत राहावे, ५० च्या वर टिकून राहिल्यास पुन्हा धूळ पाहावी. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तापमान आणि बिघाड यांचा संबंध समजला जातो तितका सरळ आढळला नव्हता. तो ठळक दिसला तो फार तापलेल्या आणि तीन-चार वर्षे जुन्या डिस्कमध्ये, आणि आपली डिस्क नेमकी याच गटातली असते. तापमानापेक्षाही ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळींकडे लक्ष द्यावे. बदललेले, वाचता न येणारे आणि दुरुस्त न होणारे सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे डेटा ठेवण्याचे छोटे कप्पे, तिथे मोजले जातात; त्यांतला आकडा शून्याहून वाढत चालला, तर नवी डिस्क घेण्याची वेळ आली असे समजावे. सी७ ची ओळ वाढत असेल, तर आधी डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल बदलून पाहावी, कारण तिथे दोष बहुधा डिस्कचा नसतो.

डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागल्यास संगणक पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये, कारण प्रत्येक वेळी डेटा परत मिळण्याची शक्यता घटते. नवी घेताना अडीच इंची साटा एसएसडी घ्यावी. तिच्यात फिरणारा भाग नसतो, ती कमी तापते आणि दहा वर्षे जुना संगणकही तिने चपळ होतो. जुनी डिस्क अजून धडधाकट असेल, तर ती केवळ प्रती ठेवण्यासाठी वापरावी, आणि काम झाल्यावर काढून पत्र्याच्या छताखालच्या माळ्यावर न टाकता घरातल्या थंड कपाटात ठेवावी.