वाडीला कुलूप असताना घेतलेली बैठक

कळव्याच्या दोन खोल्यांतून मी नऊ वर्षं आदिवासी हक्कांवर स्वतंत्र सल्लागार म्हणून काम करते. या कामात यायचं असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, दिवाळीनंतर शहापूरकडच्या कातकरी वाडीवर कधी गेला आहात का?

तेव्हा तिथे माणसं फार नसतात. पावसाळ्यात अडचणीला उचल घेतलेली असते, ती फेडायला कुटुंबं लेकरांसकट वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. काम देणाऱ्यांना मात्र मार्चच्या आत अहवाल हवा असतो. माझ्या तिसऱ्याच कामात मी फेब्रुवारीत एका रस्त्यासाठी बैठक घेतली. निम्म्या घरांना कुलपं होती. सोळा जणांच्या सह्या आणि अंगठे घेतले आणि ‘ग्रामस्थांशी चर्चा झाली’ असं लिहून दिलं. जूनमध्ये पुन्हा गेले तेव्हा भट्टीवरून आलेली एक बाई म्हणाली, “ताई, रस्ता माझ्या दारातून चाललाय. मला कधी विचारलंस तू?” ‘चर्चा झाली’ हे वाक्य मी खोटं लिहिलं होतं.

म्हणून करारावर सही करण्याआधी तारखा बघा. बैठकीची एक फेरी जून ते दिवाळी यांमध्ये हवीच. ते जमत नसेल तर भट्टीवर जाऊन भेटण्याचे दिवस आणि खर्च करारात धरा. भट्टीवर मालकासमोर काही विचारू नका. उचल फिटेपर्यंत माणसांना जाऊ देत नाहीत असं दिसलं, तर ती 1976 च्या कायद्याने बंद झालेली वेठबिगारी आहे. कुटुंबाची तयारी असेल तर त्यांच्याबरोबर तहसीलदारांकडे जा आणि मुक्तीचा दाखला मागा. करारातलं गोपनीयतेचं कलम अशा वेळी तुम्हाला अडवणार नाही, हे आधीच लिहून घ्या.

आणखी दोन कलमांवर मी अडून बसते. अहवालाचा मसुदा आधी पाड्यावर मराठीत वाचला जाईल, हे पहिलं. गावाने ‘नाही’ म्हटलं तर ते ‘नाही’ म्हणूनच छापलं जाईल, हे दुसरं. आदिवासी (इंडिजिनस) समाजांच्या हक्कांवरच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2007 च्या जाहीरनाम्यात कलम 32 मध्ये मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती सांगितली आहे. नकार देता येत नसेल तर तिला संमती कशी म्हणायची? ओडिशात नियमगिरीच्या खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ग्रामसभांपुढे ठेवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. ग्राहक कुरकुरला की मी हे उदाहरण सांगते. या कलमांवरून दोन कामं हातची गेली. जाऊ दिली.

परदेशी संस्थेसाठी लिहिताना ‘इंडिजिनस’ शब्दाशी ‘आदिवासी’ आणि ‘अनुसूचित जमाती’ यांची सांगड पहिल्याच पानावर घाला. भारताने जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिलं, पण सगळे भारतीय इथलेच मूळचे अशी सरकारची भूमिका आहे. त्यामुळे इथे आधार घ्यायचा तो इथल्या कायद्यांचा. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, म्हणून 1996 चा पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू होतो आणि पाड्याला आपली वेगळी ग्रामसभा मागता येते.

2006 चा वनहक्क कायदा नियमांसह तोंडपाठ हवा. दाव्यासाठी वनजमीन 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून कसत असल्याचे किमान दोन पुरावे लागतात आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब हाही पुरावाच आहे. उपग्रहाचं चित्र जोडीला चालतं, बाकी पुराव्यांच्या जागी नाही. दावा फेटाळला असेल तर लेखी कारण मागा, कारण अपिलाला 60 दिवसच मिळतात. ग्रामसभेचं इतिवृत्त हातात आलं की आधी हजेरी मोजा: निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका.

पैशाचं थोडक्यात. वाडीकडून एक रुपयाही घेऊ नका. ग्राहकाकडून तिसरा हिस्सा आगाऊ घ्या. शेवटचा हप्ता अहवाल ‘मान्य’ होण्याशी कधीही बांधू नका, नाहीतर ‘नाही’ पुसून टाकायचा दबाव तिथूनच सुरू होतो. बिलातून 10 टक्के टीडीएस कापला जातो, आणि वर्षाला 20 लाखांच्या वर गेलात की जीएसटी नोंदणी.

मसुद्याच्या वाचनाच्या दिवशी मी आसनगावला उतरून रिक्षाने जाते आणि सभा संध्याकाळी, चुली पेटायच्या आधी लावते. आधी बायकांकडे बसून वाचते. छापील प्रत वाडीवरच ठेवून येते, पहिल्या पानावर माझा फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहून.