‘माका गणित जमणा नाय’ यापुढे कसं विचारावं

शाळा सुटायची घंटा, दप्तर खांद्याला, एक डोळा एसटीवर आणि तोंडात वाक्य, “सर, माका गणित जमणा नाय.” कोकणातल्या कुठल्याही गणिताच्या शिक्षकाने हे ऐकलेलं असतं. पण यावर मास्तर तरी काय सांगणार? विचारणंही शिकावं लागतं.

पहिलं काम घरी. गणित अडलं की खोडरबर बाजूला ठेव. जिथे हात थांबला त्या ओळीशी पेन्सिलीने फुली मार. कच्चं कामही तसंच राहू दे, चूक बहुतेक वेळा तिथेच सापडते.

दहावीतलं वर्गसमीकरण घे: क्ष² − ५क्ष − ६ = ०. मधल्या पदाची फोड −२ आणि −३ अशी केलीस, उत्तर २ आणि ३ आलं. आता २ घालून बघ: ४ − १० − ६, म्हणजे −१२. शून्य यायला हवं होतं. म्हणजे गडबड फोडीत आहे. आता सरांना विचार, “बेरीज −५ जुळली, तरी उत्तर का चुकलं?” याला म्हणतात प्रश्न. (गुणाकार −६ हवा होता, तुझा +६ झाला. फोड −६ आणि +१.)

मग वेळ. सुटायच्या घंटेला विचारू नकोस, मधल्या सुट्टीत गाठ. बाईंसमोर जीभ उचलत नसेल तर वहीच्या मागच्या पानावर लिहून वही टेबलावर ठेव. रेंज असेल तर फोटोही चालेल, पण आपण केलेल्या पानाचा. नुसत्या पुस्तकाचा नको.

आता शिक्षकांसाठी. पावसात पऱ्याला पाणी चढलं की लांबच्या वाडीतली पोरं लवकर निघतात, शाळा सुटल्यावरचा जादा तास त्यांच्या वाट्याला येतच नाही. अडलेल्यांसाठीची पंधरा मिनिटं शाळेच्या वेळेतच काढा. आणि खडू लगेच हातात घेऊ नका. आपण फळाभर सोडवून दाखवतो, पोरगं मान डोलावतं आणि घरी जाऊन पुन्हा तिथेच अडतं. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. खडू त्यालाच द्या, “कुठपर्यंत आलं?” विचारा आणि फुलीपाशी थांबा.

मुर्डीचे र. पु. परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले, हा आपल्या दापोलीकडचा अभिमान भाषणात ठीक. अडलेल्या पोराला तो ऐकवला तर ते पुन्हा विचारायला येणार नाही.

फोड कळली असं वाटलं की फळा पुसा आणि क्ष² − क्ष − ६ = ० लिहा. तुम्ही खिडकीपाशी जाऊन उभे राहा. −३ आणि +२ त्याने आपलं आपण लिहिलं की गाडीला सोडा.