आंब्याच्या वेबसाइटची डागडुजी: बागायतदारांसाठी तयारीची यादी

देवगड-रत्नागिरीकडच्या बागायतदारांना वेबसाइट बदलायची हुक्की नेमकी फेब्रुवारीत येते, फळ धरलेलं दिसलं की. तेव्हा हात लावू नका. हे काम पावसाळ्यातलं. शेवटची पेटी गेली की सुरू करा आणि दिवाळीपर्यंत नवी साइट चालू करा. चुका निस्तरायला हंगामाआधी तीन-चार महिने मिळतात.

रंग-फोटो नंतर, आधी मालकी. डोमेन (साइटचा पत्ता) कुणाच्या नावावर, नूतनीकरण कधी, होस्टिंगचा (साइट जिथे ठेवलेली असते त्या सेवेचा) पासवर्ड कुणाकडे? उत्तर बहुधा ‘त्या पोराकडे’ असतं आणि पोरगा पुण्यात नोकरीला लागलेला असतो. हे सगळं ताब्यात आल्याशिवाय नव्या डिझायनरला ॲडव्हान्स देऊ नये. मग जुन्या साइटचा पूर्ण बॅकअप.

यापुढचं काम कंटाळवाणं, म्हणून सगळे टाळतात. जुन्या प्रत्येक पानाचा पत्ता एक्सेलमध्ये उतरवा, शेजारी त्याच विषयाच्या नव्या पानाचा. गुगल सर्च कन्सोलमध्ये (तुमची साइट गुगलवर कशी दिसते ते दाखवणारं गुगलचं मोफत साधन) पाहा, लोक कुठल्या पानावर उतरतात. कधीकधी हापूसपेक्षा पायरीचं किंवा आंबापोळीचं पान जास्त गिऱ्हाईक आणतं, आणि डिझायनर तेच ‘जुनाट’ म्हणून उडवतो. पत्ता बदलेल तिथे ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्या पानावर नेणारी कायमची सोय) लावायला सांगा. तो किमान वर्षभर ठेवावा असं गुगल सांगतं. मी म्हणेन, काढूच नका. आंब्याचं गिऱ्हाईक वर्षातून एकदाच येतं, तेही गेल्या हंगामात व्हॉट्सॲपवर आलेली लिंक उघडून.

मराठी मजकूर जुन्या फाँटात असेल तर युनिकोडमध्ये (सगळ्या फोन-संगणकांना कळणाऱ्या प्रमाणित अक्षरसंकेतात) करून घ्या, नाहीतर शोधणाऱ्याला सापडत नाही. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. त्याखाली तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल तर ती पहिल्याच पानावर हवी. फोटो हलके करा. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा हा गुगलचा निकष ऑफिसच्या वायफायवर तपासू नका, रेंजची बोंब असलेल्या वाडीत जाऊन मोबाइलवर तपासा. पेटी किती डझनांची, कुठल्या पिनकोडला पोचते, हे पैसे भरण्याआधीच कळलं पाहिजे. यूपीआयने स्वतः एक खरी ऑर्डर टाका आणि ती रद्द करून पैसे परत येतात का तेही बघा.

साइट चालू होताच डिझायनरला विचारा, काम चालू असताना गुगलपासून लपवायला लावलेला ‘नोइंडेक्स’ काढला का. ‘हो’ म्हणाला तरी सर्च कन्सोलमध्ये खात्री करा आणि नवा साइटमॅप (साइटवरच्या सगळ्या पानांची गुगलसाठीची यादी) तिथेच भरा.